जवळही नाही, लांबही नाही: रिक्षावाल्याला जायचंय तरी कुठं?

गेल्या महिन्यातली गोष्ट. आई आणि मी सांगलीहून एसटीने आलो आणि दुपारी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बस स्थानकावर उतरलो. आईचा चष्मा लक्ष्मीपुरीत दुरुस्तीला टाकलेला होता. गुडघ्यांमुळे तिला चालवत नाही, म्हणून थांब्यावरच्या पहिल्या रिक्षाकडे गेलो. "लक्ष्मीपुरी? एवढ्याला कुठं रिक्षा करताय मावशी, चालत जावा की." मागच्या दोघांनी तर मानही वर केली नाही. शेवटी रस्त्यावरून जाणारी एक रिक्षा थांबवली.

चष्मा घेतला. आता गंगावेशीत मावशीकडे जायचं होतं आणि संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. "आत न्हाई जमणार ताई, महाद्वार रोड गच्च झालाय." असं चौघांनी सांगितलं. रात्री आठ वाजता मावशीकडून पाचगावला घरी निघालो, तर पुन्हा तेच. "पाचगाव? तिकडनं रिकामं यायला लागतंय."

आई वैतागून म्हणाली, "जवळ म्हटलं तरी न्हाई, लांब म्हटलं तरी न्हाई. मग ह्यांना जायचंय तरी कुठं?"

रागाने विचारलेला असला तरी प्रश्न खरा आहे. आणि त्याला उत्तरही आहे. मुजोरी, माज हे शब्द आपण लगेच वापरतो, मीही त्या दिवशी वापरले. पण एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न ओळखणारी माणसं तीन वेगळ्या कारणांनी नकार देत असतील, तर त्यामागे स्वभावाखेरीज काहीतरी असलं पाहिजे.

आधी दोन-तीन शब्द

काळी-पिवळी रिक्षा कायद्याच्या भाषेत 'कॉन्ट्रॅक्ट कॅरेज' असते, म्हणजे अख्खी गाडी एका गिऱ्हाइकाने ठरवून घ्यायची. केएमटी, म्हणजे कोल्हापूरची शहर बस, किंवा एसटी यांचं तसं नाही. ती ठरलेल्या वाटेने जाते, थांब्याथांब्यावर माणसं घेते आणि प्रत्येकाकडून वेगळं तिकीट घेते.

रिक्षाला सरकारचं परमिट लागतं, चालवणाऱ्याला बॅज लागतो आणि भाड्याचा दर रिक्षावाला ठरवत नाही. तो प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

पुढच्या हिशेबासाठी मी मुंबईचा दर घेते, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फेब्रुवारी 2025 पासून तिथे रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे पडतात. कोल्हापूरचा दर निराळा असला तरी हिशेबाची तऱ्हा तीच.

मीटर अंतर मोजतं, रिक्षावाला वेळ विकतो

एक छोटं मिसळीचं हॉटेल डोळ्यांसमोर आणा. चार टेबलं, रविवारची सकाळ, दारात रांग. मिसळीचा दर फळ्यावर लिहिलेला, तो कुणासाठी बदलता येत नाही. एक जण दहा मिनिटांत खाऊन उठतो. दुसरा तीच मिसळ मागवतो, पेपर उघडतो, कट मागतो, पुन्हा कट मागतो आणि पाऊण तास बसतो. दोघांचं बिल सारखंच. मालकाच्या दृष्टीने मात्र दुसरं गिऱ्हाईक पहिल्यापेक्षा चौपटीहून महाग पडलं, कारण तो मिसळीच्या दरात खरं तर टेबलाची मिनिटं विकतोय. हेच मंगळवारी दुपारी झालं असतं तर त्याला फरक पडला नसता. टेबलं रिकामीच असतात, बसा की निवांत.

रिक्षावाल्याकडे एकच टेबल आहे. त्याच्या दिवसातले दहा-बारा तास हाच त्याचा माल. त्या मालाची किंमत मात्र मीटर मुख्यतः किलोमीटरमध्ये लावतं. वेळ आणि अंतर हातात हात घालून चालतात तोवर सगळं सुरळीत. सकाळी सात वाजता ताराबाई पार्कातून रेल्वे स्टेशनला जायला कुणी नाही म्हणत नाही. वेळ आणि अंतर यांची फारकत झाली, की तिथे नकार उगवतो. आमच्या तिन्ही नकारांत ही फारकत तीन तऱ्हांनी झाली होती.

तीन नकारांचा हिशेब

लक्ष्मीपुरीपासून सुरुवात करू. थांब्यावर रिक्षांची रांग असते, तिथे 'नंबर' लागतो. पुढचा माणूस समजा पाऊण तास थांबून पहिला आला आहे. आता जे भाडं मिळेल त्यात हा पाऊण तासही वसूल व्हायचा असतो. आम्ही दिले असते 26 रुपये, आणि परत आल्यावर पुन्हा रांगेचं शेपूट. आमच्यामागून शिवाजी विद्यापीठाला जाणारा कुणी आला असता तर पाच किलोमीटरचे 86 रुपये झाले असते. थांबणं तेवढंच, मिळकत तिपटीहून जास्त. म्हणून थांब्यावरचा रिक्षावाला जवळचं भाडं टाळतो. रस्त्यावरून जाणाऱ्याचा पाऊण तास कुठे अडकलेला नव्हता, त्याने आम्हाला हसत नेलं.

गंगावेशीचं गणित निराळं. लक्ष्मीपुरीतून अडीचेक किलोमीटर धरले तर मीटर 43 रुपये दाखवेल. रस्ता मोकळा असेल तर दहा-बारा मिनिटांचं काम. पण संध्याकाळी बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार, पापाची तिकटी हा पट्टा म्हणजे जुन्या पेठांचे रस्ते, देवीला आलेल्या बाहेरगावच्या गाड्या, फेरीवाले आणि खरेदीची गर्दी. त्यात 35 मिनिटं सहज जातात. मीटर थांबल्याचाही आकार धरतं, नाही असं नाही. हिशेबापुरते त्याचे 20 रुपये धरू, म्हणजे झाले 63. त्याच 35 मिनिटांत तो राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क अशा बाहेरच्या बाजूच्या तेवढ्याच अंतराच्या तीन फेऱ्या मारून 129 रुपये मिळवू शकतो, कारण त्या वेळेला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. एकामागून एक भाडी येतात.

यात एक गंमत आहे, पण ती कडू आहे. आपल्याला रिक्षाची गरज सर्वांत जास्त केव्हा असते? गर्दीत, पावसात, सणात. नेमक्या त्याच वेळी रस्ते तुंबतात आणि रिक्षावाल्याची तासाची कमाई वाढायची सोडून घटते. न्यूयॉर्कच्या टॅक्सींबद्दल हे आकड्यांनी तपासलं गेलंय. पावसात टॅक्सी मिळत नाही याचं कारण 1997 च्या एका अभ्यासाच्या आधारे असं सांगितलं जाई, की चालकांचं दिवसाच्या कमाईचं लक्ष्य ठरलेलं असतं, पावसात ते लवकर पुरं होतं आणि मंडळी घरी जातात. पुढे हेन्री फार्बर या अर्थतज्ज्ञाने 2009 ते 2013 या काळातल्या टॅक्सीफेऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, तर पावसात मागणी वाढते हे खरं, पण रस्ते संथ होतात म्हणून तासाची कमाई वाढतच नाही असं दिसलं. जास्त मिळत नसेल तर पावसात भिजत कोण फिरेल? जुलैच्या पावसात दाभोळकर कॉर्नरला उभं राहिलेल्या कोल्हापूरकराला हे न्यूयॉर्कचं संशोधन लगेच पटेल.

उरलं पाचगाव. सहा किलोमीटर धरा. मीटर म्हणतं 103 रुपये. आकडा चांगला दिसतो, पण रात्री आठ वाजता पाचगावातून शहराकडे येणारं भाडं मिळण्याची आशा थोडी. म्हणजे सहा किलोमीटरचे पैसे आणि बारा किलोमीटरची धाव. किलोमीटरला 17 रुपयांच्या जागी साडेआठच पडले, गॅस मात्र बारा किलोमीटरचा जळला. कारखान्याला ऊस घालून ट्रॉली रिकामी परत येते, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं आणि वाहतुकीचा दर ठरवताना कुणी ते विसरत नाही. रिक्षाच्या मीटरला मात्र ही परतीची वाट दिसत नाही. त्याच्या लेखी शाहूपुरीचा किलोमीटर आणि पाचगावचा किलोमीटर सारखाच.

हाच माणूस दुपारी दोन वाजता पाचगावला कुरकुर न करता येईल. तेव्हा शहरात भाडंच नसतं, त्यामुळे गमवायला काही नसतं.

मग दर बांधायचाच कशाला?

दर मोकळा सोडला तर जो गंगावेशीला जाईल तो 150 मागेल, देणारा देईल, नकाराचा प्रश्न मिटेल, असं म्हणणारे भेटतात. पण भाजी मंडईतली घासाघीस आणि रिक्षाची घासाघीस यांत फरक आहे. मंडईत दहा गाळे शेजारी शेजारी असतात आणि भाव सगळ्यांना दिसतो. रात्री अकराला स्टेशनवर उतरलेल्या, अंबाबाईच्या दर्शनाला पहिल्यांदाच आलेल्या कुटुंबासमोर एकच रिक्षा असते आणि गाव अनोळखी असतं. तिथे मोकळा दर म्हणजे अडलेल्याची लूट. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसू लागलंय. सिंधुदुर्गापासून सोलापूरपर्यंतच्या सहा जिल्ह्यांतले पक्षकार भाऊसिंगजी रोडवर येतात. त्यांना देवळापासून कोर्ट किती लांब आहे हे कसं कळणार? म्हणून दर बांधलेलाच बरा.

फक्त एक लक्षात ठेवायचं. भाव बांधला की माल महाग होत नाही, पण त्या भावात विकणं परवडेनासं झालं की तो दुकानातून गायब होतो. नकार म्हणजे तेच गायब होणं. काही वेळा तो नकार खरा नसतोच. "आत न्हाई जमणार" याचा अर्थ "मीटरवर नाही जमणार, शंभर देता का?" असा असतो. हे सगळ्यांना कळतं, दोघांनाही उघड बोलायचं नसतं इतकंच.

म्हणजे रिक्षावाल्याचं बरोबर आहे?

इथे मी रिक्षावाल्यांच्या बाजूने पूर्ण जात नाही, आणि कारण भावनेचं नाही, हिशेबाचंच आहे.

कुठलाही एकच दर सरासरीवर बसतो. त्यात काही भाडी फायद्याची, काही तोट्याची. सकाळच्या मोकळ्या रस्त्यावरच्या फेऱ्यांत जे सुटतं, त्यातून संध्याकाळच्या गंगावेशीची भरपाई व्हावी, अशी ती मांडणी. भिशीसारखं समजा. आपला नंबर लागला की पैसे घ्यायचे आणि भरायची वेळ आली की "या महिन्यात न्हाई जमणार" म्हणायचं, असं एकाने केलं तर बाकीचे बुडतात. तोट्याचं भाडं नाकारणारा रिक्षावाला फायद्याची भाडी स्वतःकडे ठेवतो आणि तोटा दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. हा दुसरा कोण? मीटर टाकून मुकाट्याने गंगावेशीत शिरणारा त्याचाच भाऊबंद. कोल्हापुरात अशी माणसं आजही आहेत आणि सर्वांत जास्त मार त्यांनाच बसतो.

शिवाय परमिट ही फुकटची गोष्ट नाही. रस्त्यावर उभं राहून भाडं घ्यायचा हक्क आणि भर चौकात थांब्याची जागा हे समाजाने दिलेलं आहे, त्याच्या बदल्यात येईल त्याला न्यायचं. दुसऱ्या कुठल्या धंद्याला मोक्याच्या कोपऱ्यावर अशी जागा मिळते?

कायदा आहे ना, दंड करा की

कायदा आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 178. नियमाविरुद्ध भाडं नाकारलं तर दंड. किती? तीनचाकीला जास्तीत जास्त 50 रुपये. छापायची चूक नाही, पन्नासच. 2019 साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. हेल्मेट, लायसन्स, दारू पिऊन गाडी चालवणं, सगळ्याचे दंड वाढले. याच कलमात इतर वाहनांचा दंड 200 वरून 500 झाला. तीनचाकीचे 50 मात्र जागेवरच राहिले.

आता वरचा हिशेब आठवा. गंगावेशीला गेल्याने 66 रुपयांचं नुकसान होत होतं. पकडला गेलाच तर दंड 50. म्हणजे दर वेळी पकडलं तरी नाकारणंच फायद्याचं, आणि दर वेळी कोण पकडतंय?

खरी ताकद दुसऱ्या कलमात आहे. परमिटच्या अटी मोडल्या तर कलम 86 खाली परमिट निलंबित किंवा रद्दसुद्धा होऊ शकतं. चार दिवस गाडी दारात उभी राहणं रिक्षावाल्याला 50 रुपयांपेक्षा कितीतरी जड जातं. पण त्यासाठी कुणीतरी तक्रार करावी लागते, चौकशी व्हावी लागते, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आपण काय करतो? "जाऊ दे" म्हणून पुढच्या रिक्षाला हात करतो.

नुसता दंड वाढवून भागेल असंही मला वाटत नाही. दंड पाच हजार केला तर नकार बंद होणार नाही, तो वेगळे कपडे घालून येईल. "गॅस संपलाय", "घरी चाललोय", "भाडं ठरलंय, माणूस येतोय". यातलं काय खोटं हे रस्त्यावर उभ्या हवालदाराला कसं ठरवता येणार? कधी कधी ते खरंही असतं.

रिक्षा वाढवल्या तर?

राज्याने 2017 साली रिक्षा परमिटच्या संख्येवरची मर्यादा उठवली. रिक्षा जास्त असल्या की स्पर्धा वाढेल आणि नकार कमी होतील, हा विचार वरवर पटतो. रस्त्यात हात करणाऱ्याला थोडा फायदा होतोही. पण थांब्यावर उलटं घडतं. रिक्षा जास्त म्हणजे रांग लांब, रांग लांब म्हणजे नंबर यायला पाऊण तासाऐवजी सव्वा तास, आणि मग 26 रुपयांचं लक्ष्मीपुरी आणखीच नकोसं. पेठांतला रस्ता तर तेवढाच राहतो, त्यात वाढलेल्या रिक्षांचीही भर पडते. उपनगरांच्या वाटांवर केएमटी पुरेशी नसेल तर ती जागा शेअर रिक्षा आणि वडाप, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्या, घेतात. तिथे तीन-चार सीट मिळत असताना एकट्यादुकट्यासाठी 'स्पेशल' जायला कोण तयार होईल?

पण ॲपवर तर असं होत नाही

होतं की. तोंडावर होत नाही, मोबाइलवर होतं. फोन येतो, "कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?" आणि मग भाडं रद्द. ॲपने एक गोष्ट मात्र केली. गर्दीच्या वेळी दर वाढवायची सोय आणली, म्हणजे वेळेची किंमत थोडीफार दरात धरली. केंद्राच्या जुलै 2025 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा वाढीव दर मूळ दराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि योग्य कारणाशिवाय भाडं रद्द करणाऱ्या चालकाला भाड्याच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 100 रुपये, दंड आहे. गिऱ्हाइकाने विनाकारण रद्द केलं तर त्यालाही तोच. अंमल राज्यांवर सोडलेला आहे.

त्याला दुसरी बाजू आहेच. आईसारख्या माणसांना ॲप चालवता येत नाही, आणि सासूला सीपीआर रुग्णालयात न्यायची घाई असलेल्याने दुप्पट दर का द्यावा, हा प्रश्न उरतो.

दुसरीकडे काय केलं

लंडनमध्ये टॅक्सीवाल्याला भाडं नाकारता येत नाही, पण त्याला हद्द आहे: प्रवास 12 मैलांच्या आत असला पाहिजे. आणि साधारण सहा मैलांच्या पुढे दर चढतो, म्हणजे लांब नेऊन रिकामं परतण्याची भरपाई मीटरमध्येच. न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी शेजारच्या नॅसो किंवा वेस्टचेस्टर परगण्यात न्यायची तर शहराच्या हद्दीपासून पुढे दुप्पट मीटर पडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तर आपल्या लक्ष्मीपुरीवरच उपाय आहे. रांगेत थांबलेल्याला जवळचं भाडं लागलं आणि तो ठरल्या वेळेत परत आला, तर त्याला पुन्हा शेपटाला उभं राहावं लागत नाही.

शेवटची युक्ती मध्यवर्ती बस स्थानकावर उद्या सकाळी सुरू करता येईल. त्यासाठी कायदा बदलायला नको, थांब्यावरच्या मंडळींनी आपापसात ठरवलं तरी पुरे. न्यूयॉर्कची युक्ती आपल्याला जरा अवघड आहे. कोल्हापूरची महापालिका 1972 ची, आणि हद्दवाढीचा वाद त्यानंतर दशकानुदशके चालू राहिला. कागदावरची हद्द कुठे, वस्ती कुठवर! पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी इथली माणसं रोज शहरात कामाला येतात, रात्री झोपायला तेवढी गावाकडे जातात. महापालिकेच्या हद्दीबाहेर जादा दर लावला तर पंधरा पावलांच्या फरकाने एकाला कमी आणि शेजाऱ्याला जास्त पडेल, मग कोल्हापुरात मोर्चा निघालाच म्हणून समजा. त्यापेक्षा लंडनसारखं ठरावीक किलोमीटरनंतर आणि ठरावीक वेळेनंतर थोडा चढा दर लावणं मला जास्त रास्त वाटतं. आणि जुन्या पेठांसाठी थांबल्या मिनिटांचा आकार वाढवून द्यावा. मला दहा-वीस रुपये जास्त पडतील, पण चार रिक्षावाल्यांची मनधरणी वाचेल.

तोवर आपण काय करायचं

नकार खटकला तर रिक्षाचा नंबर, जमल्यास बॅज नंबर, तारीख, वेळ आणि ठिकाण टिपून आरटीओकडे लेखी तक्रार द्या. भांडणाचा व्हिडिओ काढण्यापेक्षा हे कामाचं. बाकी हिशेब कळला की तो आपल्या बाजूनेही वळवता येतो. जवळ जायचं असेल तर थांब्यावर विचारू नका, पन्नास पावलं पुढे जाऊन चालती रिक्षा थांबवा. पेठेत जायचं असेल तर बिंदू चौकापर्यंत रिक्षा आणि पुढे पायी, अर्थात पाय साथ देत असतील तर.

लांब जायचं असेल तर परतीचा माणूस शोधायचा. हे मला आईने शिकवलं. परवा पुन्हा मावशीकडून रात्री निघालो, तेव्हा तिने कुणालाच "पाचगावला येणार का?" असं विचारलं नाही. "जेवायला कुठल्या बाजूला जाणार तुम्ही?" असं विचारत सुटली. तिसरा म्हणाला, "पाचगावातच की मावशी, बसा." मीटर टाकलं. वाटेत त्याने सांगितलं, रोज रात्री तो असाच रिकामा घरी जातो.